१५ एप्रिलच्या आधी

मंगळवार, १३ मार्च १९९०. पुणे, सदाशिव पेठ. वाड्याच्या दिंडीदरवाजावर धुळवडीचा रंग अजून तसाच आहे. तुम्ही बावीस वर्षांच्या आहात, पुणे विद्यापीठात एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. मांडीवर जॅक्सनचं ‘क्लासिकल इलेक्ट्रोडायनॅमिक्स’ आहे, वायली ईस्टर्नची स्वस्त भारतीय आवृत्ती. गेल्या अर्ध्या तासात पान उलटलेलं नाही, कारण पोस्टमनकाकांची यायची वेळ झाली आहे.

तुम्ही कशाची वाट बघताय हे वाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माडीवरच्या काकू कुरडया वाळत घालता घालता वरूनच विचारतात, “आलं का गं अमेरिकेचं?” तुम्ही मान हलवता. काकू मायेनं विचारतात, पण हा प्रश्न दिवसातून चारदा येतो आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच असतं. बाबा मात्र विचारत नाहीत. संध्याकाळी शाळेतून आले की टपाल ठेवायच्या कोनाड्याकडे आधी बघतात, आणि मग चप्पल काढतात.

कोनाड्याकडे जाणाऱ्या त्या नजरेत पैशाचीही काळजी आहे. डॉलर सतरा रुपयांच्या आसपास आहे. एका अर्जाची फी तीस-चाळीस डॉलर, म्हणजे पाचशे ते सातशे रुपये. शिक्षकाच्या पगाराला हा फटका लहान नाही, आणि एक अर्ज करून भागत नाही. शिवाय परकीय चलनावरच्या ‘फेरा’ कायद्याचे दिवस आहेत, डॉलर सहज हातात येत नाहीत. विद्यापीठाचा छापील फॉर्म घेऊन बँकेत जायचं, काउंटरमागच्या साहेबांना हे काय ते समजावून सांगायचं, मग ड्राफ्ट मिळायचा. काही ठिकाणी तुम्ही फी माफ करावी अशी विनंती करणारं पत्र जोडलंत. काही विभाग अशी पत्रं मान्य करतात, काही करत नाहीत, आणि तुमच्या पत्राचं काय झालं ते कळायला मार्ग नाही.

परीक्षा हिवाळ्याच्या आधीच झाली. जीआरईचा भौतिकशास्त्राचा पेपर: शंभर प्रश्न, एकशे सत्तर मिनिटं, प्रत्येकाला पाच पर्याय, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. विद्यापीठाच्या परीक्षेत तुम्ही आयुष्यभर सिद्धता लिहीत आलात. एक समीकरण घ्यायचं आणि तीन पानांनंतर दुसरं काढून दाखवायचं. इथे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. उत्तर काढायचं नसतं, चार चुकीची उत्तरं ओळखून बाजूला सारायची असतात. हे कौशल्य तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. सीनियर मुलांकडून आलेल्या, झेरॉक्सची झेरॉक्स काढून पुसट झालेल्या सरावपत्रिकांवर तुम्ही ते स्वतः कमावलंत.

त्यानंतर ट्रान्सक्रिप्ट आणि ‘रेको’. सरांनी शिफारसपत्र पाकिटात घातलं, चिकटवलं, पाकिटाच्या जोडावर आडवी सही केली आणि वरून सेलोटेप लावली, म्हणजे वाटेत कोणी उघडलं तर कळावं. त्या पाकिटात तुमच्याबद्दल काय लिहिलंय, ते तुम्हाला कधीच कळणार नाही. सर फक्त म्हणाले, “चांगलं लिहिलंय. आता अभ्यासाला लाग.”

सायकलची घंटी वाजते. काका दारातूनच तुमचं नाव घेतात.

लांबट पांढरं पाकीट. तिकीट नाही, उजव्या कोपऱ्यात फ्रँकिंग मशीनचा लाल शिक्का आहे. पत्ता डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापलेला. सदाशिवचं स्पेलिंग चुकलंय, पण ४११०३० हा पिनकोड शाबूत असल्यामुळे पाकीट पोचलं. बोटांना उघडायच्या आधीच कळतं: पातळ आहे. जाड पाकीट म्हणजे होकार, कारण त्यात वसतिगृहाची माहिती, स्टायपेंडचा करार, सह्या करायचे कागद असतात. पातळ म्हणजे नकार, एका पानात मावणारा. विद्यापीठात सगळे असंच मानतात आणि बहुतेक वेळा ते खरं ठरतं.

आत एकच पान आहे, पण नकाराचं नाही. तुमची फाईल समितीनं विचारात घेतली आहे, सध्या असिस्टंटशिप देता येत नाही, तुमचं नाव पर्यायी यादीत ठेवलं आहे, १५ एप्रिलनंतर कळवू. सहीच्या जागी रबरी शिक्का.

रेल्वेच्या वेटिंग लिस्टला निदान नंबर असतो. आपल्यापुढे किती जण आहेत ते कळतं आणि माणूस मनाशी काहीतरी आडाखा बांधतो. या पानावर नंबर नाही. तुम्ही पान उलटून बघता. मागे काही नाही.

आता थोडं मागे आणि बरंच लांब जाऊ. जानेवारी संपत आलाय. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं एक सरकारी विद्यापीठ, भौतिकशास्त्र विभागाचा दुसरा मजला, बाहेर बर्फ. लांब टेबलाभोवती पाच-सहा प्राध्यापक बसलेत, मधोमध तपकिरी फाइलींचे ढीग. तुमची फाईल त्यातच आहे. ती इथवर आली हीच मोठी गोष्ट. अर्धवट फाईल वाचतच नाहीत, ती लोखंडी कपाटात पडून राहते, आणि परदेशातल्या कित्येकांची फाईल एका शिफारसपत्रापायी अर्धवट असते. ते पत्र कोणीतरी तिकीट कमी लावून टाकलेलं असतं आणि दोन-तीन महिने बोटीनं समुद्रातून येत असतं.

टेबलाशी बसलेल्यांपुढे प्रश्न गुणवत्तेचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. पहिल्या वर्षाच्या अभियांत्रिकी आणि वैद्यकपूर्व विद्यार्थ्यांचे प्रयोगाचे तास घ्यायला टीचिंग असिस्टंट लागतात. पुढच्या सप्टेंबरला त्या प्रयोगाच्या जितक्या तुकड्या, साधारण तितक्या नव्या जागा. समजा, पंधरा. पंधरा जागांसाठी पंधराच पत्रं पाठवली तर पाच-सहा मुलं येतील, कारण हेच अर्जदार आणखी दहा ठिकाणी निवडले गेलेत. तीस पाठवली आणि पंचवीस आले तर पगार कुठून द्यायचा? म्हणून मागच्या वर्षांचा अंदाज घेऊन पहिली खेप पाठवायची, दुसरी यादी हाताशी ठेवायची, आणि पहिल्या खेपेतून नकार यायला लागले की दुसऱ्या यादीतली नावं उचलायची. दुसऱ्या यादीतही रांग सरळ नसते. सोडून गेलेला सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा असेल आणि लेझरच्या प्रयोगशाळेला माणूस हवा असेल, तर खालचं नाव वर येतं. तुमच्या पानावर नंबर नाही याचं कारण हे आहे. त्यांनी लपवला नाही, नंबर नव्हताच.

१५ एप्रिल ही तारीखही पंचांगातून आलेली नाही. पहिलं पत्र ज्याचं आलं तो विभाग आठ दिवसांत उत्तर मागायचा आणि पोरं घाबरून ‘हो’ म्हणून मोकळी व्हायची. ही ओढाताण थांबावी म्हणून अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघटनेनं, कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सनं, ठराव केला: आर्थिक मदतीसह प्रवेश देऊ केला असेल तर १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर करायची नाही. ठराव न्याय्य आहे. पण त्यामुळे सगळे नकार शेवटच्या चार दिवसांत जमा होतात, आणि दुसऱ्या यादीतली माणसं महिनाभर अधांतरी राहतात. शिकागोची मुलगी हे अधांतर फोन उचलून कमी करू शकते. सदाशिव पेठेतल्या मुलीला पत्र जायला बारा-चौदा दिवस, यायला तितकेच.

चीनच्या मुलांसाठी एका माणसानं ही कोंडी वेगळ्या तऱ्हेनं फोडली होती, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नोबेल मिळवणारे त्सुंग-दाओ ली यांनी १९७९ पासून दहा वर्षं एक योजना चालवली. चीनमध्ये एकच सामाईक परीक्षा, एकच अर्ज, आणि अमेरिकेतल्या विभागांनी त्यातून मुलं निवडायची. नऊशेहून अधिक चिनी विद्यार्थी या वाटेनं भौतिकशास्त्राच्या पीएचडीला गेले. एका ज्येष्ठ वैज्ञानिकानं मनावर घेतलं तर तरुणांच्या छातीवरचं किती ओझं उतरतं, याचं माझ्या मते याहून चांगलं उदाहरण नाही. भारतातल्या मुलांना असं कोणी मिळालं नाही. ज्याची त्याची पाकिटं, ज्याचा त्याचा ड्राफ्ट.

पुन्हा पुण्यात या. पाडवा झाला आहे, मार्चअखेर. गणेशखिंडीच्या रस्त्यावर सायकल मारत तुम्ही विभागात पोचता. व्हरांड्यात एकच विषय: एड, म्हणजे आर्थिक मदत. “ॲडमिशन आली का?” असं कोणी विचारत नाही, “एड आली का?” विचारतात. नुसत्या ॲडमिशनला अर्थ नाही. तिथली एका वर्षाची फी बाबांच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी आहे.

प्रयोगशाळेतल्या मॅडम तुमचं पान वाचतात आणि चष्मा काढतात. “कमला सोहोनींचं माहीत आहे ना? दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण.” माहीत आहे, तरी तुम्ही ऐकता. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी होऊन तिनं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक साक्षात सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. ती उठून बंगळूरला गेली आणि त्यांच्यापुढे उभी राहिली. वर्षभर परिवीक्षेवर, अपमान वाटावा अशा अटींवर तिला घेतलं. १९३६ मध्ये तिनं एमएस्सी मिळवली आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. “तेव्हा धीर सोडायचा नाही,” मॅडम म्हणतात.

तुम्हाला धीर येतो, पण परत जाताना सायकलवर वाटतं, बंगळूरला रेल्वे जाते. नाही म्हणणारा माणूस तिथे होता, त्याचा दरवाजा माहीत होता, कारणही माहीत होतं. तुम्हाला कोणी नाही म्हटलेलं नाही आणि जाऊन उभं राहावं असा दरवाजाही नाही.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये वर्गातला पहिल्या नंबरचा मुलगा चहाचे दोन ग्लास घेऊन समोर बसतो. त्याला तीन ठिकाणची एड आली आहे. तिसऱ्याचं नाव तो घेतो तेव्हा तुमचा चहा तोंडाजवळ थांबतो. तुमच्या पातळ पाकिटावर तेच नाव होतं.

“मग जाणार कुठे?”

“पहिलं नक्की आहे. बाकी दोन राहू देत. पंधरा एप्रिलपर्यंत वेळ आहे ना.”

हा मुलगा स्वार्थी नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री स्वतःच्या वह्या तुम्हाला देणारा आहे. तो घाबरलेला आहे. पहिल्याचं काही फिसकटलं तर? व्हिसा नाही मिळाला तर? हातातलं पत्र सोडायचं म्हणजे त्याला नशिबाशी पंगा घेतल्यासारखं वाटतं. तुम्ही काहीच बोलणार नव्हता, पण शेजारच्या टेबलावरून मॅडम बोलतात. “व्हिसाच्या खिडकीत किती पत्रं आहेत ते मोजत नाहीत रे. प्रवेशाचा आय-२० फॉर्म एकाच ठिकाणचा दाखवायचा असतो. बाकी दोघांना कळवून टाक. तिसऱ्या ठिकाणी ही थांबली आहे.”

तो तुमच्याकडे बघतो. त्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. त्याच्या खिशातलं पत्र त्याच्यापुरतं त्याची फुशारकी होती, त्याचा आधार होता. ते पत्र म्हणजे दुसऱ्या कोणाची अडकून पडलेली जागा आहे हे त्याला आता दिसलं.

त्याच संध्याकाळी तुम्ही दोघं तार ऑफिसात जाता. परदेशी तारेला शब्दागणिक पैसे, पत्त्यातले शब्दसुद्धा मोजतात. तो फॉर्मवर नम्र, लांबलचक इंग्रजी मजकूर लिहितो, मग एकेक शब्द खोडतो. ‘आपल्या उदार प्रस्तावाबद्दल मनःपूर्वक’ जातं, ‘खेदाने कळवतो की’ जातं. उरतात नाव, नकार आणि आभार. काउंटरवरच्या बाईनं शब्द मोजून पावती फाडली, आणि दोन विभागांच्या यादीतून त्याचं नाव उतरलं.

आता एप्रिल. परीक्षा तोंडावर आली आहे. १३ तारखेला गुड फ्रायडे, १४ ला आंबेडकर जयंती, १५ ला रविवार आणि ईस्टर. सलग तीन दिवस टपालाची आशा नाही, आणि नेमके हेच तीन दिवस. १४ ला दिल्लीत बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न दिलं जातं. बाबा बातमी मोठ्यानं वाचून दाखवतात आणि बराच वेळ त्यावरच बोलत राहतात. कोलंबियात आणि लंडनला शिकून आलेला माणूस, असं ते दोनदा म्हणतात आणि दुसऱ्यांदा तुमच्याकडे बघून म्हणतात. १५ ला सकाळी सगळा वाडा टीव्हीसमोर जमतो, ‘महाभारत’ लागलेलं असतं. तुम्हीही बसता, संवाद कानावरून जातात. त्या वेळी शिकागोत शनिवारची रात्र आहे. कोण कुठल्या टेबलाशी बसून ‘हो’ लिहितंय, कोण ‘नाही’?

आठवडा जातो. दहा दिवस जातात. २४ एप्रिलला हबल दुर्बीण अवकाशात जाते. पेपरात फोटो येतो, विभागाच्या नोटीस बोर्डावर कोणीतरी तो चिकटवतं. तुम्हाला तारकांच्या वातावरणावर काम करायचं आहे आणि तो फोटो तुम्ही जाता-येता बघता. भारतातच संशोधन करायचं झालं तर म्हणून ‘टीआयएफआर’चा फॉर्म भरून ठेवलाय, ‘सीएसआयआर’च्या परीक्षेचीही तयारी आहे. त्या वाटा दुय्यम नाहीत. तुमच्या सरांनी आयुष्य त्याच वाटेवर काढलं आणि उत्तम काम केलं. अवघड आहे ते दोन वाटांच्या मध्ये उभं राहणं.

बुधवार, २ मे. पाकीट जाड आहे.

मित्रानं सोडलेल्या विभागाचं ते नाही. त्या विभागाकडून पुन्हा अक्षरही आलं नाही आणि ती जागा कोणाला गेली हे तुम्हाला कधीच कळणार नाही. हे आहे ज्याची आशा तुम्ही फेब्रुवारीतच सोडली होती त्या दुसऱ्या एका विभागाचं. तारीख १७ एप्रिल. एक जागा मोकळी झाली आहे, असिस्टंटशिप देत आहोत, दोन आठवड्यांत कळवा. दोन आठवडे टपालातच संपलेत.

रात्री नऊ वाजता तुम्ही आणि बाबा टिळक रस्त्यावरच्या पिवळ्या पाटीच्या पीसीओत उभे आहात. तिथे सकाळचे साडेदहा झालेत. काचेच्या खोक्यात तुम्ही एकट्याच मावता, बाबा बाहेरून मीटरचे लाल आकडे बघतात. पलीकडून विभागाच्या सचिव बाई बोलतात. आवाज अर्धा सेकंद उशिरा येतो, म्हणून दोघींची वाक्यं एकमेकींवर आपटतात. तुम्ही नाव सांगता, स्पेलिंग सांगता, येते म्हणता. बाई म्हणतात, नोंद केली, पत्र पाठवा. तुम्ही विचारता की ही जागा कोणाची होती. बाईंना प्रश्न कळत नाही, आणि आकडे पळतायत, म्हणून तुम्ही आभार मानून फोन ठेवता.

तो कोणीतरी अंकारातला असेल, बीजिंगचा असेल, कानपूरच्या आयआयटीतला असेल. त्यानं किंवा तिनं १७ तारखेच्या आत ‘नाही’ कळवलं. तार केली की पत्र, ठाऊक नाही. ते ‘नाही’ आणखी आठ दिवस खिशात राहिलं असतं तर तोवर विभागानं जागा भरायचा नाद सोडला असता, आणि जुलैत ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसबाहेर पहाटे व्हिसाच्या रांगेत तुम्ही उभ्या नसता.

इथून परत या. आजच्या तारखेला.

आज तार नाही, ड्राफ्ट नाही, पाकिटाची जाडी चाचपायची गरज नाही. जीआरईचा भौतिकशास्त्राचा तो पेपर अनेक विभागांनी सक्तीचा ठेवलेला नाही. अर्ज, शिफारसपत्र, निकाल सगळं पडद्यावर. शब्द पोचायला लागणारा वेळ शून्य झाला. माणसाला ‘नाही’ म्हणायला लागणारा वेळ मात्र तेवढाच राहिला, आणि दुसऱ्या यादीतली मुलं आजही मार्चभर आणि अर्धा एप्रिल तशीच थांबतात. २०२५ च्या सुरुवातीला संशोधनाच्या सरकारी पैशाला कात्री लागली तेव्हा अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, क्वचित दिलेला प्रवेश मागेही घेतला. जागा कमी झाल्या की अडवून ठेवलेली प्रत्येक जागा जास्त महाग पडते. आपल्याकडे ‘आयुका’, ‘टीआयएफआर’, भारतीय विज्ञान संस्था, ‘आयसर’ यांच्या यादीतही तीच मुलं तीन-तीन ठिकाणी असतात आणि चौथा कोणीतरी बाहेर थांबलेला असतो.

विभागांनाही एक सांगणं आहे. ज्याला घ्यायचं नाही हे फेब्रुवारीत ठरलं त्याला फेब्रुवारीतच कळवा. नकार माणूस पचवतो. मौन पचवता येत नाही, कारण त्यात रोज नवी आशा उगवते आणि संध्याकाळी मरते.

आणि तुम्ही, ज्यांच्या हातात या क्षणी दोन किंवा तीन पत्रं आहेत: मनात कुठे जायचं ते ठरलं असेल तर १५ एप्रिलची वाट बघू नका. बाकीच्या ठिकाणी आजच कळवा. दोन ओळी पुरतात.